काहीच न करणाऱ्यांची सोबत

२४ मार्च २०२० च्या सकाळी भंडाऱ्यातल्या माझ्या घराच्या गच्चीवर उभं राहून मी सहा वर्षांची बचत दोन मिनिटांत विकून टाकली. आदल्या दिवशी निफ्टी एका दिवसात जवळजवळ १३ टक्क्यांनी कोसळून ७,६१० वर बंद झाला होता. जानेवारीच्या मध्यावर तोच आकडा १२,३०० च्या वर होता. कॉलेज बंद, रस्ते ओस, आणि हातात फोन. एप्रिल २०१४ पासून मी एका निर्देशांक फंडात दरमहा ५ हजार रुपये भरत आलो होतो. एकूण भरणा ३ लाख ६० हजार. हाती आले ३ लाख २० हजारांच्या आसपास. १ जानेवारी २०२१ ला निफ्टी १४ हजारांच्या वर बंद झाला. मी नुसता गप्प बसलो असतो तर त्या दिवशी माझे पावणेसहा लाख झाले असते. पैसे मुलीच्या शिक्षणासाठी होते, म्हणून हा हिशेब मला तोंडपाठ आहे.

मी इतिहास शिकवतो. १९२९ च्या अमेरिकी बाजाराची पडझड, बँकांपुढच्या रांगा, भीतीने विकणारी माणसं हे सगळं मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. त्याचा त्या सकाळी काडीचाही उपयोग झाला नाही.

त्या वेळी मी एकटा नव्हतो, हे मात्र नोंदवायला हवं. मला दोन प्रकारची सोबत होती. एक ॲप, जे मिनिटामिनिटाला माझ्या बचतीचा आकडा लाल अक्षरांत दाखवत होतं. दुसरी, ओळखीच्या नोकरदारांचा फोनवरचा गट. आमच्यातले बहुतेक जण पगारातून दरमहा थोडं थोडं टाकणारे. त्या दोन दिवसांत तिथे शेकड्यांनी संदेश आले. 'अजून निम्म्यावर जाणार', 'मी काढून घेतले', 'जीव वाचला तर पैसा'. ज्या एका माणसाला फोन करायला हवा होता, त्याला मी केला नाही. ते आमच्याच कॉलेजातले गणिताचे निवृत्त प्राध्यापक. या फंडाची वाट मला त्यांनीच दाखवली होती. त्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता. वर्षातून एकदा येणारा छापील उतारा ते फाइलला लावत आणि कपाट बंद करत.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. ज्या गुंतवणुकीचा सगळा गुण 'काही करू नका' यात आहे, ती करणाऱ्याला ॲप कशाला हवं? बोलायला गट तरी कशाला हवा? आणि नको म्हणावं, तर माणूस एकटा टिकतो का? अर्थशास्त्राचे लोक याचं उत्तर मानसशास्त्रात शोधतात. मला येतं ते करावं म्हणून मी ते आमच्या जिल्ह्याच्या बचतीच्या इतिहासात शोधू लागलो.

*

आधी ही वस्तू काय आहे ते थोडक्यात. मुंबईच्या शेअरबाजाराचा सेन्सेक्स २ जानेवारी १९८६ ला प्रथम प्रसिद्ध झाला. त्यात ३० कंपन्या, आणि १९७८-७९ ची पातळी १०० धरलेली. निफ्टी एप्रिल १९९६ मध्ये आला, ५० कंपन्यांचा. निर्देशांक फंड या यादीतल्या कंपन्यांचे शेअर यादीतल्याच प्रमाणात घेतो आणि बसून राहतो. कोणती कंपनी चांगली हे ठरवणारा हुशार माणूस त्यात नसतो, त्यामुळे त्या माणसाचा पगारही नसतो. यादी बदलली की फंड बदलतो. माझ्या त्या मार्चमध्येच, १९ तारखेला, अडचणीत आलेली येस बँक निफ्टीतून निघाली आणि श्री सिमेंट आली. माझ्या फंडातही तो बदल आपोआप झाला. मला तो पत्ताही नव्हता.

या कल्पनेची मुळं अमेरिकेत आहेत. १९३३ मध्ये आल्फ्रेड काउल्स यांनी बाजाराचं भाकीत करणाऱ्यांचे सल्ले तपासले आणि त्यांना भविष्य कळतं असा पुरावा सापडत नाही, असं दाखवलं. १९७४ मध्ये पॉल सॅम्युएल्सन यांनी लिहिलं, की कुणीतरी निदान एक असा फंड काढावा जो नुसता बाजाराच्या मागे चालेल. १९७६ मध्ये जॉन बोगल यांनी तो सर्वसामान्यांसाठी काढला. १५ कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती, जमले सुमारे १ कोटी १३ लाख. 'बोगलचा वेडेपणा' असं त्याचं नाव पडलं. पुढे त्याच वेडेपणाचे भक्त झाले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिक असलेले टेलर लॅरिमोर यांच्या मायामीतल्या घरी मार्च २००० मध्ये हे लोक प्रथम समोरासमोर भेटले, बोगलही आले. काहीच करायचं नाही यावर ज्यांचं एकमत आहे अशी माणसं मुद्दाम प्रवास करून भेटतात आणि तासन्‌तास बोलतात, याची मला आधी गंमत वाटली होती. आता वाटत नाही.

आपल्याकडे असे फंड १९९९-२००० च्या सुमारास आले. भंडाऱ्यापर्यंत पोचायला आणखी दहा-पंधरा वर्षं लागली. आमच्या गणिताच्या सरांना ते पुस्तकातून कळले होते, मला सरांकडून. बचत मात्र इथे त्याच्या कितीतरी आधीपासून होती आणि तिची रीत वेगळी होती.

*

भंडारा पितळी भांड्यांचं गाव. माझं लहानपण जिथे गेलं त्या भागात भांडी घडवणाऱ्यांची घरं होती आणि बायकांची भिशी होती. कुणी बीसीही म्हणत. बारा जणी, दर महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिला सगळी थैली. यात व्याज नाही. गणिती माणूस म्हणेल, बँकेत टाकलं असतं तर बरं. पण माझी आई म्हणायची, "घरी ठेवले तर राह्यते का? दुसऱ्याचे द्यायचे असले की निघते." मला वाटतं भिशीचं सगळं अर्थशास्त्र या वाक्यात आलं. शेजारणीच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहायची लाज हीच तिची व्यवस्थापन फी. सोबतीचा खर्च कुणालाच नव्हता, चहा-पोह्यांचा काय तो. धोका एवढाच, की थैली आधी उचलणारी पुढे हप्ते चुकवू शकते. तसं झालं की वर्षानुवर्षांची बोलणी बंद होत.

मग पोस्टाच्या बाई आल्या. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १ एप्रिल १९७२ ला सुरू झाली. पोस्टातल्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचे हप्ते स्त्री एजंटांनी घरोघर जाऊन गोळा करायचे आणि सरकारने त्यांना ४ टक्के कमिशन द्यायचं. आमच्याकडे येणाऱ्या बाई महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सायकलवर येत, कार्डावर सही करत, आईशी पाच मिनिटं बोलत. कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाचा हप्ता राहिला हे त्यांना ठाऊक असे. एकदा आईने खातं मध्येच मोडायचं ठरवलं. बाईंनी तिला समजावलं, पुढच्या महिन्यात या, मग पाहू, म्हणून टाळलं. त्या ठेवीतून माझी बी.ए.ची फी गेली. बाईंनी हे प्रेमापोटी केलं की कमिशनापोटी, असा प्रश्न मला मोठेपणी पडला. आता वाटतं, दोन्ही. आणि त्यात काही बिघडलंही नाही, कारण बाईंचा फायदा आणि आईचा फायदा एकाच दिशेला होते. खातं चालू राहिलं की दोघींचं भलं.

तिसरी तऱ्हा बिडीची. जुन्या भंडारा जिल्ह्यात, म्हणजे १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होण्याआधीच्या जिल्ह्यात, जंगलातला तेंदूपत्ता आणि घराघरांतल्या बायकांची बोटं यांवर बिडीचा मोठा धंदा उभा होता. कारखानदार पानं आणि तंबाखू सट्टेदाराला, म्हणजे मधल्या कंत्राटदाराला देणार, सट्टेदार बायकांना देणार, त्या घरी बसून वळणार, मजुरी हजारी. मालकांचं म्हणणं असं, की घरी बसून वळणारी बाई आमची कामगारच नाही. १९७७ मध्ये बिडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू झाला, मालक न्यायालयात गेले आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की घरी वळणारीही कामगारच. तिच्या मजुरीतून निधीचे पैसे कापले जाऊ लागले. सगळीकडे आणि प्रामाणिकपणे कापले गेले असं नाही. नाव चढवायलाच टाळाटाळ करणारे सट्टेदार होते.

ऑगस्ट २०१५ मध्ये भविष्यनिर्वाह निधी संघटनेने नव्याने जमणाऱ्या पैशातला ५ टक्के भाग निफ्टी आणि सेन्सेक्सच्या मागे चालणाऱ्या फंडांत टाकायला सुरुवात केली. पुढे तो १० आणि २०१७ मध्ये १५ टक्के झाला. याचा अर्थ असा, की ज्या बाईचं नाव निधीच्या यादीत आहे ती तेव्हापासून निर्देशांकाची गुंतवणूकदार आहे. तिला ॲप नाही, गट नाही, निफ्टी हा शब्दही ठाऊक नाही. मी त्या दिवशी विकलं, तिने विकलं नाही. अर्थात विकण्याचं बटणच तिच्याकडे नव्हतं. शिवाय तिच्या खात्यावर बाजाराची पडझड थेट उतरत नाही. तिला दरवर्षी जाहीर होणारं व्याज मिळतं, २०१९-२० चं साडेआठ टक्के होतं. वरखाली सगळं त्या मोठ्या सामायिक साठ्यात मुरतं. मार्च २०२० च्या अखेरीस निधीतून उचल घ्यायची सवलत मिळाली तेव्हा पुष्कळांनी पैसे काढले, पण ते घरात धान्य नव्हतं म्हणून. भीतीने काढणं आणि गरजेने काढणं यांत मी फरक करतो. माझं पहिल्या प्रकारचं होतं.

चौथी तऱ्हा माझीच. १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्राच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. अंशदानाची नवी पेन्शन आहे आणि ज्याने वेगळा पर्याय घेतलेला नाही त्याच्याही पैशांतला काही भाग शेअरबाजारात जाऊ शकतो. एकाच शिक्षककक्षात दोन जण शेजारी बसतात. एकाच्या म्हातारपणाचा आकडा ठरलेला आहे, दुसऱ्याचा रोज बदलतो. १४ मार्च २०२३ पासून आठवडाभर राज्यातले लाखो कर्मचारी संपावर गेले, भंडाऱ्यातही घोषणा झाल्या. मीही उन्हात उभा होतो. तिथे माझ्या ध्यानात आलं, की महाराष्ट्रात बाजाराशी बांधलेल्या बचतदारांचा सर्वांत मोठा मेळावा कुठे भरला असेल तर तो या संपात. आणि तो भरला होता या बचतीतून सुटका मागायला.

*

आता सोबतीने केलेलं नुकसानही सांगायला हवं. नाहीतर हा लेख जुन्या दिवसांचं कौतुक होऊन बसेल.

युनिट ट्रस्टची युनिट-६४ ही योजना १९६४ ची. आमच्या वडिलांच्या पिढीला ती सरकारी वाटे, म्हणून पक्की वाटे. कचेरीत एकाने घेतली की टेबलाटेबलाने पसरे. तिच्यात प्रत्यक्ष माल किती किमतीचा आहे हे गुंतवणूकदाराला सांगितलं जात नसे. विक्री-खरेदीचा भाव संस्था ठरवी. २ जुलै २००१ ला संस्थेने खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली. सुमारे २ कोटी लोक अडकले. पुढे सरकारने हमीचा भाव दिला, आणि २००३ मध्ये रोख रक्कम किंवा २००८ पर्यंत मुदतीचे पावणेसात टक्क्यांचे करमुक्त रोखे, असा पर्याय. हे धारकही काहीच न करणारे होते, पण त्यांचं न बघणं आणि आमच्या गणिताच्या सरांचं न बघणं यांत मला मोठं अंतर दिसतं. सर बघत नव्हते, पण बघायचं ठरवलं तर रोजचा भाव वर्तमानपत्रात होता आणि फंडात काय आहे ते कुणालाही सांगता आलं असतं, कारण ती पन्नास नावं जाहीर आहेत. युनिट-६४ वाल्यांना बघायची सोयच नव्हती.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे ओळखीतून पसरलेल्या योजना. जमिनीच्या नावावर पैसे गोळा करणाऱ्या पीएसीएल कंपनीला सेबीने २२ ऑगस्ट २०१४ ला ४९,१०० कोटी रुपये परत करायचा आदेश दिला. ग्राहक होते ५ कोटी ८५ लाख. असा पैसा गोळा झाला तो गावोगावच्या एजंटांकडून, म्हणजे कुणाच्या तरी मेहुण्याकडून, शाळामित्राकडून, कीर्तनात शेजारी बसणाऱ्याकडून. पोस्टाच्या बाई आणि हा एजंट, दोघेही दारात येत होते, दोघेही ओळखीचे होते, दोघांनाही कमिशन होतं. बाहेरून फरक दिसत नव्हता. पोस्टातले पैसे सरकारी खात्यात जात होते, इथले कुठे गेले ते एजंटालाही माहीत नव्हतं. कित्येक एजंटांनी स्वतःचे आणि सासरचेही त्यातच घातले होते. अशा एकाला मी भेटलो. तो अजूनही साकोलीच्या बाजाराच्या दिवशी तिकडे जात नाही.

हे सगळं समोर ठेवल्यावर मला प्रश्न जरा वेगळा दिसू लागला. सोबत हवी की नको, यापेक्षा तिचा खर्च कोण उचलतो ते आधी विचारावं. भिशीत कुणी उचलत नव्हतं. पोस्टात सरकार उचलत होतं. पीएसीएलमध्ये पुढच्या गिऱ्हाइकाच्या पैशातून तो निघत होता. निर्देशांक फंडात?

इथे २००९ आणि २०१३ ही दोन वर्षं महत्त्वाची. ऑगस्ट २००९ मध्ये सेबीने म्युच्युअल फंडात पैसे घालताना कापला जाणारा प्रवेशभार बंद केला. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला एजंटाशिवायची 'डायरेक्ट' योजना ठेवणं सक्तीचं झालं. बचतदाराच्या दृष्टीने दोन्ही निर्णय चांगलेच, मी स्वतः डायरेक्टच घेतला होता. पण निर्देशांक फंड मुळातच इतका स्वस्त, की त्यात सायकलवर येणाऱ्या कुणाचा चहासुद्धा निघत नाही. कमिशन वाचलं आणि त्याबरोबर दारात येणारा माणूसही गेला. त्याच्या रिकाम्या खुर्चीवर ॲप येऊन बसलं.

ॲप फुकट आहे. फुकट कसं, हे मी बरीच वर्षं विचारलं नाही. ज्या पडद्यावर माझा फंड दिसत होता त्याच पडद्यावर दोन बोटं सरकवली की ऑप्शनचे सौदे होते. ॲप चालवणाऱ्याला माझ्या गप्प बसण्यातून काही मिळत नाही, हलण्यातून मिळतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने आकडे दिले: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. पोस्टाच्या बाईंचा फायदा माझ्या आईच्या थांबण्यात होता. इथे तो उलट्या दिशेला आहे. त्या सकाळी ॲपने मला विका असं म्हटलं नाही, हे खरंच. त्याने फक्त आकडा दाखवला आणि बटण हाताशी ठेवलं. पोस्टाचं खातं मोडायला आईला रांगेत उभं राहावं लागलं असतं.

*

या विषयावर वाचताना मला वारंवार आमचे तलाव आठवत राहिले. भंडारा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात आलेले हे तलाव. आज त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव म्हणतात. तलाव हीही काही न करणारी बचत आहे. पावसाळ्यात भरतो, धानाला लागेल तेव्हा पाणी देतो, एरवी पडून असतो. वर्षातले बहुतेक दिवस त्याला कुणाची गरज नसते. गरज असते ती एखाद-दुसऱ्या अतिवृष्टीच्या रात्री पाळीवर कंदील घेऊन उभं राहायला आणि उन्हाळ्यात गाळ काढायला. त्या रात्री कुणी यायचं हे ठरलेलं असे.

भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली याचं मला दुःख नाही, तिच्यात वेठ होती, जुलूम होता. पण तलावाबरोबर पाळीवरची माणसंही कागदावरून निघून गेली. तलाव सरकारचा झाल्यावर रात्री कंदील घेऊन जायचं कुणी? लाखनीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारलं. तो म्हणाला, "साहेबाचा तलाव, साहेब पाहीन." गाळ साचत गेला, कित्येक तलाव निम्मे उरले.

मला हवी होती ती सोबत या जातीची. रोज बोलणारी नाही. रोज बोलणारे लोक २४ मार्चला माझ्याइतकेच घाबरलेले होते, आणि साठ घाबरलेली माणसं एकत्र आली की भीती वाटली जात नाही, वाढते. पाळ फुटायच्या रात्री उभा राहील असा एखादा माणूस पुरतो. त्याला विकायचं काही नसावं, आणि त्याने आधी एक-दोन पूर पाहिलेले असावेत. सरांनी १९९२ चा घोटाळा पाहिला होता, २००१ पाहिलं होतं, २००८ पाहिलं होतं. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता.

जून २०२० मध्ये त्यांचाच फोन आला. तब्येत विचारली, मुलीचं विचारलं, मग म्हणाले, "चालू आहे ना ते?" मी म्हणालो, "हो सर." पुढे ते इतर विषयांवर बोलत राहिले आणि मी ऐकत राहिलो.

*

२०२२ च्या दिवाळीनंतर सर गेले. जानेवारीत वहिनींचा निरोप आला, फाइल पाहून जा म्हणून.

काहीच न करणाऱ्या गुंतवणूकदाराची एक अडचण मला तोवर सुचलीच नव्हती. तो इतका गप्प असतो, की तो गेल्यावर पैसे आहेत हेच घरच्यांना कळत नाही. पोस्टाच्या बाईंना कळलं असतं, भिशीतल्या बायकांना कळलं असतं. ॲपला कळत नाही, ते आपलं पासवर्ड मागत बसतं. विसरलेल्या म्युच्युअल फंड खात्यांचा प्रश्न इतका मोठा झाला, की फेब्रुवारी २०२५ मध्ये सेबीने ती शोधायची एक सोय जाहीर केली. तिचं नाव 'मित्र' ठेवलंय. शब्दांच्या आद्याक्षरांतून जुळवलेलं असलं तरी ते अगदीच योगायोगाने सुचलं असेल असं मला वाटत नाही.

सरांच्या फाइलला त्याची गरज पडली नाही. वर्षाला एक याप्रमाणे उतारे लावलेले, मार्च २०२० चाही. त्यावर पेन्सिलीची खूणसुद्धा नव्हती. पहिल्या पानावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात फोलिओ क्रमांक, बँकेचं खातं, नामनिर्देशनात वहिनींचं नाव. खाली एक ओळ: 'विचारायचे असल्यास', आणि पुढे माझं नाव, माझा फोन नंबर. तारीख ऑगस्ट २०२० ची. म्हणजे त्या फोननंतरची.

मी फॉर्म भरून दिला, मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडली, बँकेत कुणाची सही लागेल ते सांगितलं. वहिनींनी विचारलं, "आता यात मला काय करावं लागेल?" मी म्हणालो, तुमच्या नावावर झाल्यावर लगेच काही नाही. घरखर्चाला लागतील तेवढे वर्षातून एकदा काढा, बाकी राहू द्या, आणि बाजार पडला अशी बातमी आली की मला फोन करा, रात्री असला तरी.

"तुमचंही असंच चालू आहे ना, भाऊ? हे म्हणत होते."

मी सांगितलं. लॉकडाउनच्या सुरुवातीला घाबरून सगळं काढलं होतं, सरांना खोटं बोललो, २०२१ मध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि फोनमधलं ॲप त्याच वर्षी काढून टाकलं. वहिनींनी फाइल बंद केली, कपाटात ठेवली आणि चहा टाकायला आत गेल्या.